बातमीपासून बिलापर्यंत : संरक्षण, सुरक्षा आणि अंतराळ कंपन्यांत गुंतवणूक कशी करावी

खडकी बाजारातून बाहेर पडलं की दारूगोळा कारखान्याची भिंत लागते. कारखाना १८६९ सालचा. माझे बाबा तिथून निवृत्त झाले. आमच्या घरी 'लॉट पास झाला का' हा प्रश्न जेवणाच्या ताटावर यायचा. माल तयार होणं वेगळं आणि तपासणीत पास होणं वेगळं, हे मला शाळेत असतानाच कळलं होतं. पुढे मी शेअर घ्यायला लागले तेव्हा मात्र हेच विसरले. जुलै २०२४ मध्ये जहाजबांधणीतला एक शेअर निव्वळ बातम्या वाचून घेतला आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त पैसे गेलेले पाहिले. त्यानंतर बसून जी पद्धत तयार केली, ती इथे पायरी-पायरीने मांडते आहे. कोणता शेअर घ्या हे मी सांगणार नाही. तो सल्ला सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी असलेल्या माणसाकडूनच घ्यावा.

पायरी १ : पुण्यात जे दिसतं त्यातलं विकत काय घेता येतं?

पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आरअँडडीई. तोफा, रॉकेटचं इंधन, लष्करी पूल यांचं संशोधन इथे होतं, पण या डीआरडीओच्या, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळा आहेत. त्यांचा शेअर नसतो. खडकी आणि देहूरोडचे कारखाने ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेले. तिचं मुख्यालय पुण्यातच आहे, पण ती पूर्णपणे सरकारची आहे आणि बाजारात नोंदलेली नाही.

नोंदलेल्या कंपन्यांकडे वळलं तरी जपून पाहावं लागतं. मुंढव्याची भारत फोर्ज तोफा बनवते, पण तिचा मुख्य धंदा वाहनांच्या सुट्या भागांचा आहे. अमेरिकेत ट्रकची विक्री मंदावली तर तोफांची ऑर्डर हातात असूनही हा शेअर पडू शकतो. एल अँड टीचा तळेगावला संरक्षणाचा मोठा प्रकल्प आहे, पण त्या अवाढव्य कंपनीच्या उलाढालीत संरक्षणाचा वाटा छोटा. संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या सरकारी बीईएलचं पुण्यात युनिट आहे, तेही देशभर पसरलेल्या कंपनीचा एक तुकडा. इंदापूर तालुक्यातली वालचंदनगर इंडस्ट्रीज इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग, म्हणजे इंधन भरायची बाहेरची कवचं, बनवते आणि त्याच छताखाली इतर अवजड यंत्रंही बनवते. सायबर सुरक्षेत पुण्याची क्विक हील २०१६ पासून बाजारात आहे, पण अँटिव्हायरसचा धंदा आणि क्षेपणास्त्राचा धंदा यांचं गणित पूर्ण वेगळं. ग्राहक वेगळे, पैसे येण्याची चाल वेगळी.

म्हणून पहिलं काम असं करा. कंपनीचं नाव लिहा आणि समोर तिच्या विक्रीत संरक्षण किंवा अंतराळाचा वाटा किती टक्के आहे ते लिहा. वार्षिक अहवालात 'सेगमेंट' या मथळ्याखाली तो मिळतो. वाटा दहा टक्के असेल तर तुम्ही संरक्षण कंपनी घेत नाही आहात, तिच्या उरलेल्या नव्वद टक्क्यांचा अभ्यास करायला हवा.

पायरी २ : बातमी कोणत्या टप्प्यावरची आहे ते ओळखा

ही पायरी जमली तर अर्धं काम झालं, म्हणून इथे जरा थांबते.

लष्कराला एखादी वस्तू हवी असते तेव्हा ती एका लांब रांगेतून जाते. सुरुवातीला संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची खरेदी परिषद 'गरज मान्य आहे' असं म्हणते. याला सगळे एओएन म्हणतात. मग कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले जातात, ती आरएफपी. मग तांत्रिक छाननी आणि चाचण्या. वाळवंटात, थंडीत, उंचावर. मग किमतीचे लिफाफे उघडतात आणि सर्वात कमी बोली लावणारा एल-वन ठरतो. त्याच्याशी घासाघीस होते. रक्कम मोठी असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी लागते. त्यानंतर करार. करारानंतर उत्पादन, तपासणी, सुपूर्दगी. बिल त्याच्याही पुढे.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. एटॅग्ज ही १५५ मिलिमीटरची ओढत नेण्याची तोफ. डीआरडीओने हा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू केला, पाषाणच्या एआरडीईकडे त्याची धुरा होती आणि भारत फोर्ज व टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स हे भागीदार होते. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला चाचणीत नळी फुटली. दोष शोधून पुन्हा चाचण्या झाल्या. ३०७ तोफांचं एओएन मार्च २०२३ मध्ये मिळालं आणि करार मार्च २०२५ मध्ये झाला, ओढणाऱ्या वाहनांसकट सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा. तोफा त्यानंतर पाच वर्षांत द्यायच्या. म्हणजे रेखाटनापासून करारापर्यंत बारा वर्षं, आणि निव्वळ एओएनपासून करारापर्यंत दोन.

'इतक्या हजार कोटींच्या खरेदीला हिरवा कंदील' असा मथळा येतो तेव्हा तो बहुतेक वेळा एओएनचा असतो. त्या दिवशी कोणत्याही कंपनीला एक रुपयाची ऑर्डर मिळालेली नसते. तरी शेअर चढतात. सामंजस्य करार, म्हणजे एमओयू, तर त्याहूनही कच्चा. प्रदर्शनात दोन कंपन्यांनी हात मिळवले, एवढाच त्याचा अर्थ.

वहीत पाच रकाने करा : एमओयू, एओएन, एल-वन, करार, सुपूर्दगी. प्रत्येक बातमी योग्य रकान्यात तारखेसह टाका. खातरजमा कुठे करायची? सरकारची बाजू पीआयबीच्या, म्हणजे सरकारच्या प्रसिद्धी कार्यालयाच्या, निवेदनात आणि कंपनीची बाजू एनएसई-बीएसई या शेअर बाजारांवरच्या तिच्या अधिकृत घोषणेत. या दोन्हीकडे जे नाही ते वहीत नाही. मी 'करार'च्या अलीकडच्या रकान्यातल्या बातमीवर आता एकही शेअर घेत नाही.

आणि करार झाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलला ८३ तेजस विमानांची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली. पहिली विमानं २०२४ च्या सुरुवातीला मिळायची होती. ती अडली, मुख्यतः अमेरिकेतून येणाऱ्या इंजिनांमुळे. त्यातलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळालं. ऑर्डर खरी, कारखाना तयार, नाशिकला नवी लाइन उभी, आणि तरी गाडं एका सुट्या भागाशी अडलेलं. म्हणून वहीत आणखी एक ओळ ठेवा : या कंपनीचा कोणता भाग परदेशातून येतो आणि तो थांबला तर काय होईल.

पायरी ३ : ऑर्डरला वर्षांनी भागा

ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या अपुऱ्या ऑर्डरींची बेरीज, हा शब्द या क्षेत्रात फार मिरवतो. त्याला वार्षिक विक्रीने भागा, म्हणजे किती वर्षांचं काम हातात आहे ते कळतं. मार्च २०२५ अखेर बीईएलकडे सुमारे ७१,६५० कोटींच्या ऑर्डर होत्या आणि वर्षाची उलाढाल सुमारे २३ हजार कोटींची. म्हणजे तीन वर्षांचं काम. एचएएलकडे सुमारे १.८४ लाख कोटींच्या ऑर्डर आणि उलाढाल सुमारे ३१ हजार कोटी, म्हणजे जवळपास सहा वर्षांचं. सहा हा आकडा तीनपेक्षा चांगला, असं पटकन वाटतं. पण मोठा आकडा दोन गोष्टी सांगू शकतो. काम भरपूर आहे, किंवा काम वेळेत उरकत नाही. कोणतं खरं, हे सलग तीन वर्षांची सुपूर्दगी पाहिल्यावरच कळतं.

नव्या ऑर्डरच्या बातमीवर हा हिशेब करून पाहा. समजा एका कंपनीला १,००० कोटींची ऑर्डर मिळाली, पाच वर्षांत पुरी करायची. निव्वळ नफा दहा टक्के धरला तर पाच वर्षांत मिळून १०० कोटी. कंपनीचं बाजारमूल्य, म्हणजे तिच्या सगळ्या शेअरची मिळून किंमत, ८,००० कोटी होतं आणि बातमीच्या दिवशी शेअर बारा टक्के चढला. म्हणजे बाजारमूल्य ९६० कोटींनी वाढलं. शंभर कोटींच्या नफ्यासाठी, तोही पाच वर्षांत तुकड्यातुकड्याने येणारा, लोकांनी एका दिवसात ९६० कोटी जास्त मोजले. पुढे अशाच आणखी ऑर्डर येणार हे धरूनच ते मोजलेले असतात. तुम्हालाही तसं वाटतं का, आणि का वाटतं, ते दोन ओळींत लिहून काढा. लिहिता आलं नाही तर त्या दिवशी घेऊ नका.

पायरी ४ : पैसे हातात कधी येतात ते पाहा

नफा-तोटा पत्रकाआधी मी रोख प्रवाहाचं पान उघडते. या धंद्यात विक्री दाखवणं आणि पैसे मिळणं यांत मोठं अंतर असतं. ग्राहक मुख्यतः एकच, सरकार. सरकार पैसे बुडवत नाही, पण तपासणी, कागद, मंजुरी यांत महिने जातात.

येण्यांचे दिवस असे काढा. ताळेबंदातली ग्राहकांकडची येणी भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. विक्री ४०० कोटी आणि येणी २६० कोटी असतील तर उत्तर येतं २३७ दिवस. म्हणजे माल दिल्यावर सरासरी आठ महिने थांबायचं. तोवर पगार, पोलाद, वीज हे सगळं कर्जावर किंवा भागधारकांच्या पैशावर. संरक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या छोट्या कंपन्यांत दोनशेच्या वर दिवस हे नवल नाही. म्हणून एका वर्षाच्या आकड्याला घाबरू नका, तीन वर्षांची दिशा पाहा. १६० चे २०० आणि २०० चे २४० होत असतील तर कंपनी जितकी वाढते तितकी रोखीला मोताद होते. मग पुन्हा नवे शेअर काढून पैसे उभे करते आणि आपला वाटा पातळ होतो.

जहाजबांधणीत चित्र उलटं असतं. नौदल आगाऊ रक्कम देतं, ती बँकेत राहते, तिचं व्याज 'इतर उत्पन्न' म्हणून नफ्यात धरलं जातं. जहाजाचं काम पुढे सरकलं की ती रक्कम खर्चते आणि व्याजही आटतं. म्हणून नफ्यातून इतर उत्पन्न वजा करून धंद्याचा नफा वेगळा पाहा. सुरुवातीला सांगितलेला जहाजबांधणीतला शेअर घेताना मी नेमकं हेच केलं नव्हतं.

तिमाही निकाल वाचताना आणखी एक खबरदारी. सरकारचं वर्ष मार्चला संपतं, त्यामुळे सुपूर्दगी जानेवारी ते मार्चमध्ये दाटते. एप्रिल-जूनचा निकाल आधीच्या तिमाहीशी ताडला तर तो बहुतेकदा वाईट दिसेल. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडा.

छोट्या कंपनीबद्दल वार्षिक अहवालाहून स्पष्ट माहिती क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या पतमानांकनाच्या टिपणात मिळते. ती टिपणं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट असतात. बँकेची मर्यादा किती वापरली, येणी किती लांबली, कोणत्या एका ग्राहकावर कंपनी तरते, हे त्यांत सरळ लिहिलेलं असतं. भोसरी-चाकणचा एखादा पुरवठादार एसएमई बाजारात, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारात, आयपीओ (पहिली जाहीर शेअरविक्री) घेऊन आला तर हे टिपण वाचल्याशिवाय अर्ज करू नका. शिवाय जमवलेला पैसा कशासाठी वापरणार हेही वाचा. यंत्रांसाठी की निव्वळ 'सर्वसाधारण कामकाजासाठी', यात फरक आहे.

पायरी ५ : भाव

कंपनी तीच, भाव बदलतो. एचएएलचा आयपीओ मार्च २०१८ मध्ये १,२१५ रुपयांना आला तेव्हा तो पूर्ण भरलाही नाही. मार्च २०२० मध्ये भाव पाचशेच्या खाली होता. २०२३ मध्ये एकाचे दोन शेअर झाल्यानंतरही जुलै २०२४ मध्ये तो साडेपाच हजारांवर पोचला. कारखाने तेच, ग्राहक तोच. बदललं ते मुख्यतः एक रुपयाच्या नफ्यासाठी लोक किती मोजायला तयार आहेत ते. त्याच जुलैच्या शिखरापासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत निफ्टी इंडिया डिफेन्स निर्देशांक एक तृतीयांशाहून जास्त पडला. मधल्या काळात संरक्षण खर्च कमी झाला नव्हता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तर ६.८१ लाख कोटींची तरतूद होती, त्यात भांडवली खर्च १.८० लाख कोटी. हा दुसरा आकडाच आपल्या कामाचा, कारण पहिल्यात पगार आणि पेन्शनही आहे.

चाळीस टक्के पडलेला शेअर पूर्वपदावर यायला सदुसष्ट टक्के चढावा लागतो. पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा, साठ असेल आणि नफा वर्षाला वीस टक्क्यांनी वाढत असेल तर पुढच्या चार-पाच वर्षांची वाढ तुम्ही आजच मोजून देता आहात.

सरकारी कंपन्यांत आणखी एक भार असतो. सेबीच्या नियमानुसार पंचवीस टक्के हिस्सा जनतेकडे हवा. मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कंपनीत सरकारकडे जवळपास ८५ टक्के होता. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने काही हिस्सा विकायला काढला, किमान भाव बाजारभावापेक्षा कमी ठेवला आणि शेअर पडला. सरकारी शेअर घेण्याआधी सरकारचा हिस्सा बघा. तो ७५ टक्क्यांच्या वर असेल तर अशी विक्री कधी ना कधी येणार.

आणि एक मनापासून सांगते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर अनेकांनी देशासाठी म्हणून हे शेअर घेतले. भावना खरी होती. पण बाजारात तुम्ही शेअर घेता तेव्हा पैसे तो विकणाऱ्याला मिळतात. सैन्याकडे त्यातलं काही जात नाही. सैनिकांसाठी काही करायचं असेल तर सशस्त्र सेना ध्वज दिन निधी आहे. दोन्ही कामं करा, पण वेगवेगळ्या खिशातून.

पायरी ६ : अंतराळ आणि ड्रोन, हात आखडता ठेवून

२०२० मध्ये इन-स्पेसची, म्हणजे खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची, घोषणा झाली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं, २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे नियम सैल झाले. उत्साह रास्त आहे. पण आकार पाहा : २०२५-२६ मध्ये अंतराळ विभागाची तरतूद सुमारे १३,४०० कोटी, म्हणजे संरक्षणाच्या भांडवली खर्चाच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास. इस्रोची व्यापारी कंपनी एनएसआयएल बाजारात नाही. स्कायरूट, अग्निकुल (रॉकेट) आणि पिक्सेल (उपग्रह) यांनी कामं नेत्रदीपक केली आहेत, पण त्या खासगी आहेत. नोंदणी नसलेल्या कंपनीचा शेअर 'मिळवून देतो' असं कुणी म्हणालं तर भाव कोण ठरवतं आणि विकायचा कुणाला, हे विचारा. सामान्य माणसाला हाती लागतात ते सुटे भाग बनवणारे, आणि त्यांचं वेळापत्रक प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाला बांधलेलं. मे २०२५ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचं सी६१ हे उड्डाण तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने अपयशी ठरलं. अशा वेळी चौकशी होते आणि पुढची उड्डाणं खोळंबतात.

ड्रोनबद्दल एकच उदाहरण. ड्रोन बनवणाऱ्या आयडियाफोर्जचा आयपीओ ६७२ रुपयांचा, जुलै २०२३ मध्ये पहिल्याच दिवशी १,३०० ला उघडला, मार्च २०२५ मध्ये चारशेच्या खाली. ड्रोनची गरज त्या काळात जगभर वाढतच होती. ऑर्डर मात्र सलग येत नाहीत, एकदम येतात आणि मग दुष्काळ पडतो.

पायरी ७ : तुम्ही स्वतः कुठे उभे आहात?

पुण्यात ही पायरी टाळता येत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुणीतरी डीआरडीओत, कारखान्यात, लष्करात किंवा पुरवठादाराकडे आहे. जेवताना कानावर पडलेलं 'चाचणी पास झाली' हे वाक्य, जाहीर व्हायच्या आधी, भाव हलवू शकणारी माहिती असू शकते. त्यावर शेअर घेणं सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार गुन्हा ठरू शकतं आणि सांगणाराही अडकतो, त्याच्यावर शासकीय गुपितांच्या कायद्याचीही टांगती तलवार. बाबा कामाबद्दल घरी 'लॉट पास झाला' याच्या पुढे कधी बोलले नाहीत. तेच बरोबर होतं. घरातल्या माणसाच्या कामाशी संबंधित कंपनीचा शेअर मी घेत नाही, एवढा सोपा नियम ठेवा.

केंद्र सरकारच्या नागरी नोकरीत असाल तर वारंवार खरेदी-विक्रीला मनाई आहे, आणि वर्षातले एकूण व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा जास्त झाले तर कळवावं लागतं. आणि पगार ज्या कंपनीतून येतो तिथेच बचतही ठेवली तर एका झटक्यात दोन्ही जातात.

पायरी ८ : शेअर की फंड, किती आणि कसे

चार-पाच कंपन्यांचे निकाल दर तीन महिन्यांनी वाचायला वेळ नसेल तर फंड. पण संरक्षण निर्देशांकाच्या फंडात सर्वात मोठ्या तीन-चार कंपन्याच निम्म्याहून जास्त जागा व्यापतात, म्हणजे तो दिसतो तितका विखुरलेला नाही. शिवाय बीईएल सप्टेंबर २०२४ पासून निफ्टी ५० या मोठ्या पन्नास कंपन्यांच्या निर्देशांकात आहे. तुमचा साधा निफ्टी फंड असेल तर ती तुमच्याकडे आहेच. नवे विषयाधारित फंड भाव चढलेले असताना जास्त येतात, २०२४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तसंच झालं. नवा फंड आला हे घेण्याचं कारण नाही.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, पाच ते सात वर्षं न लागणारा पैसा, आणि एकूण शेअर गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त या क्षेत्रात नाही, ही माझी मर्यादा. पाच लाख असतील तर पन्नास हजार. तेही एकदम नाही. साडेबारा हजारांचे चार भाग, प्रत्येक तिमाही निकाल वाचून झाल्यावर एक. निकाल पटला नाही तर तो भाग तसाच राहू द्यायचा.

कर थोडक्यात : बारा महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, नंतर विकलं तर वर्षाच्या १.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के, वर उपकर.

पायरी ९ : कधी विकायचं ते घेतानाच लिहा

घेतल्याच्या दिवशी वहीत तीन ओळी लिहा. मी हा शेअर या कारणासाठी घेतला. हे घडलं तर माझं कारण चुकलं. हे मी या तारखेला तपासेन. दुसऱ्या ओळीत भाव लिहू नका, घटना लिहा : येण्यांचे दिवस अडीचशेच्या वर गेले, सुपूर्दगी सलग दोन तिमाही चुकली, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, शेअर गहाण टाकले, एकाच ऑर्डरवर कंपनी तरते आहे आणि ती संपत आली. तिसऱ्या ओळीतली तारीख बहुधा निकालानंतरची पहिली सुट्टी. त्या दिवशी सकाळी तासभर बसा, पाच रकाने पुढे सरकवा, येण्यांचा भागाकार पुन्हा करा. माझ्या वहीत सध्या चार कंपन्या आहेत आणि पाचवी अजून 'एल-वन'च्या रकान्यात थांबली आहे.